नारळाच्या दुधातला नाताळ

परभणी तालुक्यातल्या झरीत नारळ दोन रूपांत येतो. शेंडीसकट ओला नारळ देवापुढे वाढवायला, आणि सुक्या खोबऱ्याची वाटी मसाल्यात भाजायला. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीचा हा काळ्या मातीचा मुलूख. माड इथला नव्हे. तरी खोबऱ्यावाचून इथला काळा मसाला होत नाही, आणि त्या मसाल्यासाठी आणलेल्या पुड्यांत दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ असतंच. गूळ तर बारमाही. नाताळच्या दिवसांत पोर्तो रिकोमध्ये घरोघरी जे पेय बाटल्यांत भरून ठेवतात, त्याचं जवळजवळ सगळं सामान असं झरीच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. नाही ती फक्त रम. ती घालायची की नाही, हे ज्या त्या घरानं ठरवायचं.

त्या पेयाचं नाव कोकितो. नारळाचं दूध, गोडवा, दालचिनी, जायफळ आणि रम, एवढाच त्याचा जीव. कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर नाताळचा हंगाम नोव्हेंबरअखेरीस सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत, काही घरांत त्याही पुढे, चालतो. या काळात कोकितो घरी करायचं, रिकाम्या बाटल्यांत भरायचं, थंड करायचं आणि शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे पाठवायचं, अशी रीत आहे. दिवाळीचं ताट शेजारी पोचवणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

आजच्या प्रचलित कृतींत मात्र नारळाच्या दुधाबरोबर कंडेन्स्ड मिल्क आणि आटवलेल्या दुधाचे डबे ओततात; काही घरं अंड्याचा बलकही घालतात. इथे ओळख करून द्यायची आहे ती गाईम्हशीच्या दुधाचा थेंबही नसलेल्या कोकितोची. ही तडजोड आहे, पथ्याचं पेय आहे, असा समज सहज होतो. तो खरा नाही. डब्यातलं दूध दाटपणा आणि गोडी आयती देतं, पण नारळाची चव दाबून टाकतं. नारळाचा दाट रस काढायची आणि तो न फाटू देता गरम करायची हातोटी ज्या स्वयंपाकघराला आहे, त्याला त्या डब्यांची गरजच नाही. कोकणच्या आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांत ही हातोटी पिढ्यान्‌पिढ्या आहे.

पोर्तो रिकोचा नारळ आला कुठून, हे आधी पाहण्यासारखं आहे. कोलंबसाच्या आधी कॅरिबियन बेटांवर नारळ नव्हता. पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात आले, आणि परतताना इथले नारळ पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर घेऊन गेले. तिथून ते अटलांटिक ओलांडून पलीकडे पोचले. केप व्हर्देचे एक धर्मगुरू दियेगो लोरेन्झो यांनी १५४९ साली पोर्तो रिकोत नारळ आणला, असं तिथला इतिहास सांगतो. २०११ साली बी गन, लुक बोदुआँ आणि केनेथ ओल्सन या संशोधकांनी जगभरातल्या तेराशेहून अधिक माडांचे जनुकीय नमुने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगातल्या नारळांची दोन मोठी कुळं आहेत, एक प्रशांत महासागराचं आणि दुसरं हिंदी महासागराचं. अटलांटिकच्या किनाऱ्यांवर गेलेला नारळ या दुसऱ्या कुळातला, म्हणजे दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीव, लक्षद्वीप या पट्ट्यातला. कोकितोच्या पेल्यातला नारळ हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या वाड्यांतल्या नारळाचा भाऊबंद आहे.

उसाचंही तसंच. त्याचं मूळ न्यू गिनीकडचं, पण रस आटवून त्याची दाणेदार साखर करायची विद्या भारतात तयार झाली आणि इथून पश्चिमेकडे गेली. १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघालेल्या कोलंबसानं कॅनरी बेटांवरून उसाची बेणी कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर नेली. पुढच्या दीडशे वर्षांत कॅरिबियनमध्ये उसाचे मळे उभे राहिले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. साखर काढून झाल्यावर उरणारी मळी आंबवून त्यांनी जे मद्य गाळलं, ती रम. सतराव्या शतकाच्या मध्याला बार्बाडोसच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख सापडतो. गोड पेल्यामागचा हा कडू इतिहास वगळून रमविषयी लिहिणं बरं नव्हे.

भारतात गूळ आणि मसाल्याचं मद्य त्याहून कितीतरी जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार दिले आहेत. त्यांतल्या मैरेयात गूळ पडतो, मिरी आणि पिंपळीही पडते.

दालचिनी श्रीलंकेची, जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. या बेटांसाठी युरोपीय सत्ता इतक्या लढल्या की १६६७ च्या ब्रेडाच्या तहात डचांनी बांदातलं इवलंसं रन बेट आपल्याकडे ठेवलं आणि उत्तर अमेरिकेतला मॅनहॅटनवरचा हक्क इंग्रजांना सोडून दिला. आज हे दोन्ही मसाले कोकणात माडाच्या सावलीत वाढतात. रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. तिथं नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी अशी आंतरपिकं घेण्याची पद्धत विकसित झाली, आणि शेतकऱ्यांमध्ये ती 'लाखी बाग' या नावानं ओळखली जाते. विद्यापीठानं दालचिनीची 'कोकण तेज' आणि जायफळाची 'कोकण सुगंधा' ही वाणंही दिली. कोकितोला लागणाऱ्या तीन मुख्य गोष्टी अशा कोकणातल्या एका कुंपणात निघतात. उरलेला ऊस घाटावरचा. परभणी जिल्ह्यातही जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पोचलं तिथं तो आहेच.

आता खरी ओळखीची जागा. सिंधुदुर्गात शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाची उकड शिजवून ती सोऱ्यातून पाडली की मऊ पांढऱ्या शेवया मिळतात, आणि त्या वाढतात नारळाच्या रसाबरोबर. ओलं खोबरं वाटून पिळलेलं दाट दूध, त्यात विरघळलेला गूळ, वेलचीची पूड, चिमूटभर मीठ. गोव्यात दोदोल होतो तो तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाचं दूध तासन्‌तास घोटून. बेबिंकाचे थर नारळाच्या दुधात, अंड्याच्या बलकात आणि जायफळाच्या वासात भाजले जातात. नाताळात गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हे दोन्ही असतातच. नारळीपौर्णिमेच्या नारळीभातात लवंग आणि गूळ खोबऱ्याला भेटतात. शिरवाळ्यांचा तो रस घ्यावा, त्यात दालचिनी-जायफळ वाढवावं, थंड करावा, आणि पोर्तो रिकोच्या माणसाला चाखायला द्यावा. त्याला फक्त रमची उणीव भासेल.

नाताळला मसाल्याचं मद्य हीसुद्धा महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातला ईस्ट इंडियन समाज हा मराठीची बोली बोलणारा, इथलाच जुना ख्रिस्ती समाज. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि हे नाव अधिकृतपणे घेतलं. त्यांच्या लग्नांत आणि सणांत खिमाड असतो. देशी दारूत पाणी, साखर, दालचिनी, लवंग, वेलची असे मसाले घालून तो उकळतात आणि छोट्या कपांतून गरम गरम देतात. कोकितो थंड आणि दाट, खिमाड गरम आणि पातळ. पण घरच्या हातानं मसाला घालून, मोजकं, आल्यागेल्याला आपुलकीनं द्यायचं पेय, हा भाव एकच. गोव्यात माडाचा सूर, म्हणजे माडी, उतरवणारा रेंदेर आजही झाडावर चढतो, आणि त्या सुरापासून माडाची फेणी गाळली जाते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिची ख्याती दूरवर गेली. माडाची फेणी मात्र दक्षिण गोव्याबाहेर फारशी ठाऊक नाही. नारळाच्या दुधात नारळाचंच मद्य घालून पाहावं, असं कुणाला वाटलं तर तो प्रयोग इथल्या मातीतला ठरेल. फेणीचा वास उग्र असतो, म्हणून रमच्या निम्म्यानं सुरुवात करावी.

नाताळ हा मराठवाड्यातही परका सण नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात जालन्यात मिशनचं काम उभं केलं आणि जवळच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तेव्हापासून या भागात मराठीतून उपासना आहे, मराठी गाण्यांचा नाताळ आहे, आणि करंज्या-चकल्यांचा फराळ आहे. त्या ताटाशेजारी नारळाच्या मसालेदार दुधाचा पेला शोभून दिसेल. रमशिवायचाही.

रमविषयी स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ही ओळख एका खेड्याच्या संदर्भात करून दिली जाते आहे. गावोगावच्या बायकांनी दारूपायी संसार मोडताना पाहिले आहेत. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं, ही तरतूद महाराष्ट्रानं केली ती या बायकांच्या रेट्यामुळे. त्यांचा राग खरा आहे, आणि कुठल्याही पेयाच्या कौतुकापेक्षा तो वजनदार आहे. म्हणून या पेयाची पहिली कृती रमशिवायची असावी आणि तीच पूर्ण मानावी. ज्या घरात रमला मज्जाव आहे तिथं तो तसाच राहू द्यावा; पेय चवीला उणं होत नाही.

जिथं रम घालायचीच आहे, तिथं कायदा माहीत हवा. महाराष्ट्रात १९४९ चा मद्यनिषेध कायदा लागू आहे. रम, व्हिस्की अशा कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षं पुरी हवीत आणि परवाना हवा. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे. बाटली परवानाधारक दुकानातली, सीलबंदच घ्यावी. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरहून अधिक माणसं दगावली. मिथेनॉल आहे की नाही हे वासावरून किंवा चवीवरून कळत नाही, आणि मसाल्यात तर मुळीच कळणार नाही.

कोणती रम? काळी, मुरलेली. १९५४ पासून बाजारात असलेली ओल्ड मंक ही सात वर्षं मुरवलेली रम या कामाला उत्तम, कारण तिच्यात व्हॅनिला आणि जळक्या साखरेची झाक मुळातच असते, आणि गुळाशी ती चटकन मिळते. गोव्यात नारळाच्या स्वादाची पांढरी रमही तयार होते. पण खरा नारळ पेल्यात असताना नारळाचा स्वाद विकत घेण्यात अर्थ नाही.

गाईम्हशीचं दूध वगळण्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसांना दुधातली लॅक्टोज ही साखर नीट पचवता येत नाही. दूध प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं. काहींना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते, आणि तिथं थेंबभर दूधही चालत नाही. काहींनी प्राणिजन्य पदार्थच सोडलेले असतात. नारळात लॅक्टोज नाही आणि दुधातलं केसीन हे प्रथिनही नाही. मात्र बाजारात मिळणाऱ्या नारळाच्या दुधाच्या पावडरीत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधापासूनच काढलेलं असतं. पाकिटावर नारळाचं चित्र पाहून भुलू नये. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचावीत. ॲलर्जी असलेल्या माणसासाठी हे पेय करायचं असेल तर पावडरीच्या वाटेला न जाता नारळच फोडावा.

दोन मध्यम नारळ खोवले की साधारण अर्धा किलोच्या आसपास ओलं खोबरं निघतं. खोवताना पाठीची तपकिरी साल आली तर रंग मळतो आणि चवीला तुरटपणा येतो, म्हणून खोवणी पांढऱ्यावरच थांबवावी. दोन-अडीच कप कोमट पाणी थोडं थोडं घालत मिक्सरमधून वाटावं आणि धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून घट्ट पिळावं. पाणी कोमट असण्याला कारण आहे. खोबऱ्यातलं तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं. थंड पाण्यानं वाटलं तर ते चोथ्यातच अडकून राहतं आणि हाती पांचट पाणी येतं. पहिला पिळा हा दाट रस. त्याच चोथ्यात पुन्हा अर्धा कप पाणी घालून दुसरा पिळा काढावा, पण तो वेगळा ठेवावा. गूळ त्यात विरघळवायचा आहे.

झरीत रोज ओला नारळ मिळेलच असं नाही, मिळाला तरी जुना असू शकतो. तिथं सुकं खोबरं कामाला येतं. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं, सुक्यात फारच थोडं, म्हणून सुक्याला भिजायला वेळ द्यावा लागतो. दोनशे ग्रॅम खोबरं किसून, तीन कप गरम पाण्यात तासभर भिजवून मग वाटावं. चव वेगळी येते, थोडी भाजल्यासारखी, गडद, आणि काळ्या रमबरोबर ती ओल्या नारळापेक्षाही बरी जुळते, असं ठामपणे म्हणता येईल. अट एकच, वाटी खवट नसावी. प्रत्येक वाटीचा तुकडा चावून पाहावा. एक खवट वाटी सगळा रस नासवते, आणि कितीही जायफळ घातलं तरी तो वास लपत नाही.

दुसऱ्या पातळ रसात सव्वाशे ग्रॅम गूळ, बोटभर दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, तीन-चार ठेचलेल्या वेलच्या घालून मंद आंचेवर दहा मिनिटं उकळू द्यावं, मग गाळून घ्यावं. गुळातला कचरा इथंच निघून जातो. गाईच्या दुधात गूळ घालून उकळलं की दूध फाटायची भीती असते, म्हणून खिरीत गूळ शेवटी घालतात. नारळाच्या दुधात केसीन नसल्यानं ती भीती नाही, पण दुसरी आहे. दाट रस खळखळून उकळला की तेल वर येतं आणि पेय चोथापाणी होतं. म्हणून गाळलेल्या पाकात दाट रस ओतून आंच अगदी बारीक ठेवावी, एकाच दिशेनं ढवळत राहावं, आणि कडेला वाफ दिसू लागली, रस चमच्याच्या पाठीला चिकटू लागला, की उतरवावा. उकळीची वाट पाहू नये. मीठ चिमूटभर हवंच. त्यावाचून नारळ बोलत नाही. जायफळ उतरवल्यावर, किसणीवर दोनदा घासून, एवढंच. जायफळाचा अतिरेक शरीराला अपायकारक असतो, आणि चवीलाही ते चटकन कडवट होतं.

हे सगळं मिळून पाऊण लिटरच्या आसपास भरतं. पूर्ण गार झाल्यावरच रम घालावी, गरम रसात ओतली तर तिचा वास उडून जातो. एवढ्या रसाला एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर रम पुरते. रमची तीव्रता ४२.८ टक्के धरली तर तयार पेय आठ टक्क्यांच्या जवळ येतं, म्हणजे स्ट्राँग बिअरइतकं. पण गोड आणि दाट असल्यामुळे ते तितकं कडक लागत नाही, आणि धोका तिथंच आहे. छोट्या चहाच्या कपाएवढंच द्यावं. गाडी चालवणाऱ्याला, गरोदर बाईला, औषधं चालू असलेल्याला रमशिवायचंच. दोन्ही प्रकार एकाच फ्रीजमध्ये असतील तर बाटल्यांचे रंग वेगळे असावेत आणि वर चिठ्ठी चिकटवावी; गोड पांढरं पेय पाहून मुलं हात घालतातच.

डिसेंबरअखेर परभणीचा पारा रात्री दहाच्या खाली उतरतो. अशा थंडीत, आणि फ्रीजमध्ये तर नक्कीच, बाटलीच्या गळ्याशी पांढरा घट्ट थर बसतो. पेय बिघडलं असं समजून ते ओतून देऊ नये. ते खोबऱ्याचं तेल आहे. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी करून जोरात हलवली की ते पुन्हा मिसळतं. आठ टक्के मद्यानं नारळाचं दूध टिकत नाही, म्हणून रम असो वा नसो, तीन-चार दिवसांत संपवावं. आंबूस वास आला किंवा बाटली उघडताना फसफसली तर मात्र टाकून द्यावी. पिळून उरलेला चोथा कढईत कोरडा परतून घेतला की लसूण आणि लाल तिखटाबरोबर त्याची चटणी होते, आणि ती भाकरीबरोबर आठवडाभर पुरते.